शाप आणि घोटा

बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या गोष्टीत दोन घोटे आहेत. एक बिल बकनरचा, १९८६ सालचा. दुसरा कर्ट शिलिंगचा, २००४ सालचा. दोघांचेही घोटे खेळण्याच्या अवस्थेत नव्हते आणि दोघेही खेळले. शिलिंगच्या घोट्यातलं रक्त मोज्यावर उतरलं, कॅमेऱ्याने ते पुन्हा पुन्हा जवळून दाखवलं. संघाच्या नावातच लाल मोजे असल्यामुळे त्या डागाची दंतकथा व्हायला फारसा वेळ लागला नाही. बकनरचा घोटा मात्र कुणाच्या लक्षात नाही. त्याच्या पायांविषयी जगाला एकच गोष्ट माहीत आहे: त्यांच्या मधून चेंडू गेला.

गेली दोन वर्षं मी या संघाच्या पराभवांवरची पुस्तकं वाचतेय, माहितीपट पाहतेय. क्रिकेटवर वाढलेल्या बाईला हे कुठलं खूळ, असं घरचे विचारतात. वर्ल्ड सिरीजचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे ऑक्टोबरात मी घरात सगळ्यात आधी उठलेली असते, एवढाच त्यांना दिसणारा फायदा. माझं उत्तर असं की हरण्याबद्दल इतकं आणि इतकं चांगलं लिहिलं गेलेला दुसरा खेळ मला माहीत नाही. पण त्या चांगल्या लिखाणातही एक खोट आहे, आणि ती मला या दोन घोट्यांमुळे दिसायला लागली.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी १९८६ची ती रात्र थोडक्यात सांगते. २५ ऑक्टोबर, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. वर्ल्ड सिरीज म्हणजे सातपैकी चार सामने जिंकण्याची अंतिम लढत. समोर न्यूयॉर्क मेट्स, आणि रेड सॉक्स ३-२ असे पुढे. हा सहावा सामना. नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली म्हणून दहावी खेळली गेली. तीत बॉस्टनने दोन रन काढून ५-३ केले. आता मेट्सचे तीन बॅटर बाद केले की १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद. पहिले दोघं बाद झाले. बेसवर कुणी नाही. स्टेडियमच्या फलकावर रेड सॉक्सच्या अभिनंदनाचा मजकूर क्षणभर झळकूनही गेला. मग लागोपाठ तीन फटके बसले आणि एक रन आला. पिचर बदलला. नव्या पिचरचा एक चेंडू भरकटला, कॅचरला तो अडवता आला नाही, आणखी एक रन आला. ५-५.

इथे जरा थांबा. सामना बरोबरीत आलेला आहे, आणि बकनरकडे अजून चेंडू गेलेलाच नाही.

त्यानंतर मूकी विल्सनने एक सरपटता, तसा साधाच फटका पहिल्या बेसच्या दिशेने मारला. बकनर वाकला. चेंडू त्याच्या ग्लव्हजखालून, दोन पायांमधून मागे निघून गेला आणि विजयाचा रन आला. विल्सन चांगलाच वेगवान होता; चेंडू अडला असता तरी तो बाद झालाच असता असं छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय सातवा सामना बाकी होता. त्यात रेड सॉक्स ३-० असे पुढे होते आणि ८-५ ने हरले. तो सामना कुणाच्या नावावर नाही.

आता घोटा. बकनर तरुणपणी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळायचा, आणि तेव्हा तो जोरात पळणारा खेळाडू होता. १९७५ मध्ये बेसवर घसरताना त्याचा घोटा गेला. शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा कधी पूर्वीसारखा पळाला नाही, पण त्यानंतर पंधरा वर्षं खेळला. १९८० मध्ये शिकागो कब्जकडून त्याने नॅशनल लीगमधली सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी मिळवली. १९८६ पर्यंत तो छत्तीस वर्षांचा झाला होता. सामन्याच्या आधी आणि नंतर पाय बर्फात बुडवून बसायचा. त्या महिन्यात टाचेची शीरही दुखावली होती, म्हणून घोट्याला आधार देणारे उंच बूट घालून मैदानात यायचा. आणि तरी त्या मोसमात त्याच्या बॅटवर संघाचे १०२ रन आले होते.

रेड सॉक्सच्या मॅनेजरना, जॉन मॅकनमारांना, हे सगळं ठाऊक होतं. त्याच वर्ल्ड सिरीजमधल्या आधीच्या जिंकलेल्या तिन्ही सामन्यांत त्यांनी शेवटी शेवटी बकनरला बाहेर काढून डेव्ह स्टेपलटनला पहिल्या बेसवर उभं केलं होतं. सहाव्या सामन्यात मात्र केलं नाही. विजयाच्या क्षणी बकनर मैदानात असावा म्हणून त्यांनी त्याला ठेवला, असा आरोप पुढे झाला. त्यांनी तो मान्य केला नाही. कारण काही असो, दुखऱ्या पायांच्या माणसाला वाकायला लागेल अशा जागी उभं करण्याचा निर्णय त्या माणसाचा नव्हता. तरी तीस वर्षं बदनामी त्याचीच झाली.

(आपल्याकडे याच १९८६ च्या एप्रिलमध्ये शारजात चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियांदादने षटकार मारला होता. पुढच्याच वर्षी नागपुरात चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली. कुठल्याही टपरीवर विचारून पाहा, दोनपैकी काय आठवतं ते.)

एखादी चूक लोकांच्या लक्षात राहते, यात नवल नाही. नवल हे, की या चुकीला चार वर्षांत चक्क एक पुराणकथा मिळाली. १९९० मध्ये बॉस्टनचे पत्रकार डॅन शॉनेसी यांचं ‘द कर्स ऑफ द बॅम्बिनो’ हे पुस्तक आलं. बॅम्बिनो म्हणजे बेब रूथ. बॉस्टनचे मालक हॅरी फ्रेझी यांनी १९१९ च्या अखेरीला रूथला न्यूयॉर्क यांकीजना एक लाख डॉलरला विकलं. तोपर्यंत पाच विजेतेपदं मिळवलेला संघ त्यानंतर एकही जिंकला नाही, आणि तोपर्यंत एकही न जिंकलेल्या यांकीजनी पुढे रांगच लावली. म्हणजे हा बेब रूथचा शाप.

पुस्तक वाचायला मजा येते, हे आधी कबूल करते. शॉनेसींचा भुताखेतांवर विश्वास आहे असं कुठे वाटत नाही. बॉस्टनच्या कट्ट्यांवर जे अर्धवट बोललं जात होतं त्याला त्यांनी नाव आणि सुसंगत क्रम दिला. गावच्या देवळाची दंतकथा सांगणाऱ्या पुजाऱ्यासारखा त्यांचा सूर आहे: मी असं म्हणत नाही हो, लोक म्हणतात. आणि त्या सुरातच गोम आहे. शाप मानला की प्रत्येक पराभव हा मागच्या पराभवाचा पुढचा अध्याय होतो. चौकशी करायचं कारण उरत नाही. १९८६ मध्ये समोर यांकीज नव्हतेच, मेट्स होते. पण हा तपशीलही शापाच्या वाटेत येत नाही. गाव न्यूयॉर्क आहे ना, मग झालं.

मी एक उद्योग केला. १९१८ ते २००४ या काळात रेड सॉक्स चार वर्ल्ड सिरीज हरले, चारही सातव्या सामन्यात. १९४६, १९६७, १९७५, १९८६. या चारही वर्षी कुणाचं काय दुखत होतं ते शोधलं.

१९४६ मध्ये संघाचा सगळ्यात मोठा खेळाडू टेड विल्यम्स. मालिकेच्या आधी सरावासाठी ठेवलेल्या एका सामन्यात चेंडू त्याच्या कोपरावर बसला. वर्ल्ड सिरीजमध्ये पंचवीस वेळा बॅट हातात घेऊन त्याने पाच फटके मारले. सातव्या सामन्यात तर अजून एक गोष्ट झाली. आठव्या इनिंगमध्ये डॉम डिमॅजिओने बरोबरी साधून देणारा फटका मारला, आणि तो पळताना त्याच्या मांडीचा स्नायू ओढला गेला. तो बाहेर गेला, सेंटर फील्डमध्ये दुसरा आला. पुढच्याच डावात सेंट लुइस कार्डिनल्सचा ईनॉस स्लॉटर पहिल्या बेसवरून थेट घरापर्यंत पळाला, कारण चेंडू आता डिमॅजिओच्या हातात नव्हता. डिमॅजिओ असता तर मी धावलो नसतो, असं स्लॉटर स्वतः नंतर सांगायचा. आणि दोष कुणाला? मधे चेंडू घेऊन क्षणभर थबकलेल्या जॉनी पेस्कीला. त्याचा तो क्षण लोकांनी आयुष्यभर मोजला.

१९६७. ऑगस्टमध्ये टोनी कोनिलिआरोच्या गालाच्या हाडावर चेंडू बसला. वय बावीस. डाव्या डोळ्याचा पडदा दुखावला. ती वर्ल्ड सिरीज गेली आणि १९६८ चं अख्खं वर्षही गेलं.

१९७५. पहिल्याच पूर्ण मोसमात १०२ रन आणून देणाऱ्या जिम राइसचा हात सप्टेंबरमध्ये चेंडू बसून मोडला. मालिका त्याने बसून पाहिली.

आणि १९७८, जेव्हा जुलैत यांकीजच्या चौदा सामने पुढे असलेला संघ ऑक्टोबरात एका निर्णायक सामन्यात त्यांच्याकडूनच हरला. तिसऱ्या बेसवरच्या बुच हॉबसनच्या कोपरात हाडाचे सुटे तुकडे होते. ते हाताने जागेवर सरकवून तो चेंडू फेकायचा. त्या मोसमात त्याच्याकडून ४३ चुका झाल्या. आणि यांकीजच्या बकी डेंटने ज्या होम रनने हा सामना फिरवला, त्याच्या जरा आधी त्याने स्वतःच्याच पायावर चेंडू मारून घेतला होता आणि तो लंगडत होता. एवढं लंगडणं मात्र बॉस्टनमध्ये कधी विसरलं गेलं नाही, कारण ते शत्रूचं होतं.

शापकथेत या दुखापती येत नाहीत असं नाही. येतात, पण शापाचे पुरावे म्हणून. कोपर, डोळा, हात, घोटा हे त्या माणसांचे राहत नाहीत, रूथच्या भुताची करणी होऊन जातात. आता कुणी म्हणेल, दुखापती काय यांकीजना होत नव्हत्या? होत होत्या. एका मोसमात १६२ सामने खेळणाऱ्या खेळात धडधाकट कोण उरतं. शापाच्या जागी घोटा बसवून मला नवा शाप तयार करायचा नाही. दुखापतीमुळे संघ हरला, एवढंच म्हणायचं असतं तर हा लेख एका आकडेवारीत संपला असता. मी विचारतेय ते वेगळं: हरल्यावर आपण जी गोष्ट सांगतो तिच्यात माणसाचं शरीर कुठे जातं?

आणि शापाआड फक्त शरीरंच गेली नाहीत. हॉवर्ड ब्रायंट यांचं ‘शट आउट’ हे २००२ मधलं पुस्तक शॉनेसींच्या शेजारी ठेवून वाचावं, शक्यतो त्याच आठवड्यात. ब्रायंट बॉस्टनचेच, कृष्णवर्णीय पत्रकार. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची फेनवे पार्कवर चाचणी झाली. रेड सॉक्सने त्यांच्यापैकी कुणालाही घेतलं नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि खेळाचा इतिहास बदलला. रेड सॉक्सच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, उतरला १९५९ मध्ये. मेजर लीगमधल्या सगळ्या संघांच्या शेवटी. विली मेजला घ्यायची संधीही या संघाने सोडली होती. मेज आणि विल्यम्स एकाच संघात, अशी नुसती कल्पना करून बघा. आता सांगा, एवढी वर्षं न जिंकण्याला भूत लागतं का?

मला राग येतो तो इथे. शाप ही गोड गोष्ट आहे. तीत मालक टॉम यॉकी यांच्याबद्दल काही विचारावं लागत नाही. सगळं खापर १९१९ च्या फ्रेझीवर. तो नाटकवाला होता, आणि ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेसाठी त्याने रूथला विकलं असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. ती संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये. हेन्री फोर्डच्या वृत्तपत्राने तर त्याला ज्यू ठरवून झोडपलं होतं, तोही ज्यू नसताना. म्हणजे बेब रूथच्या गोंडस शापाची मुळं खणली की खाली निघतं ते फारसं गोंडस नाही. २०१८ मध्ये फेनवेसमोरच्या रस्त्याचं यॉकी वे हे नाव काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं गेलं, तेव्हा बऱ्याच जणांनी या गोष्टीचा हा भाग पहिल्यांदा ऐकला असेल.

चाहत्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक म्हणून ‘फेथफुल’कडे मी मोठ्या आशेने गेले. स्टीफन किंग आणि स्टुअर्ट ओनान हे दोन कादंबरीकार मित्र २००४ चा मोसम रोजनिशीसारखा लिहीत गेले. ओनान सविस्तर, किंग तुटक आणि चिडका. ओनान मैदानावर सरावाच्या वेळी चक्क मासे पकडायची जाळी घेऊन जातो, चेंडू झेलायला. हा वेडेपणा मला फार आवडला. पुस्तक लिहिताना शेवट काय होणार हे लेखकांनाच माहीत नव्हतं, हे त्याचं सगळ्यात मोठं बळ. शापकथा नेहमी शेवटाकडून मागे येते. ‘फेथफुल’मध्ये मात्र आजचा सामना आजच असतो; नोमार गार्सियापाराची दुखरी टाच आज बरी आहे का, हा प्रश्न आजच्या पोटदुखीइतका खरा असतो. चाहत्याचं रोजचं बोलणं असंच असतं. कोण लंगडतोय, कोण कधी परत येणार. जुन्या पराभवांचा गहिवर पत्रकारांना जास्त येतो, चाहत्याला आजचा घोटा पुरतो.

पण ऑक्टोबर आला आणि पुस्तकाचा तोल गेला. दोष लेखकांचा कमी, त्या ऑक्टोबरचा जास्त. यांकीजविरुद्ध पहिले तीन सामने हरून, तिसरा तर १९-८ असा, रेड सॉक्सनी पुढचे चार जिंकले. मेजर लीगमध्ये असं आधी कुणी केलं नव्हतं. मग सेंट लुइसला सरळ चार सामन्यांत हरवून ८६ वर्षांनी विजेतेपद. अशा वेळी रोजनिशीने काय करावं? तिने आरती म्हटली. (‘फीव्हर पिच’ या सिनेमाची तर त्याहून पंचाईत झाली. संघ हरणार हे धरून लिहिलेला शेवट त्यांना बदलावा लागला.)

त्या आरतीच्या मधोमध शिलिंगचा घोटा आहे. उजव्या घोट्यातली शीर जागेवरून सरकत होती. संघाच्या डॉक्टरांनी तिच्या भोवतीची कातडी आतल्या भागाला टाके घालून शिवली, म्हणजे शीर एका जागी राहील. आधी मृतदेहावर करून पाहिलं होतं. सहाव्या सामन्यात, १९ ऑक्टोबरला, यांकीजच्या मैदानावर तो पिचिंग करत असताना टाक्यांतून रक्त आलं. शौर्य होतं, यात वाद नाही. पण त्याच मैदानात आणि नंतरच्या लिखाणात एक प्रश्न मला कुठे ठळकपणे भेटला नाही: उद्या नोकरी सोडून गेलं तरी चालेल असं शिवलेलं पाऊल घेऊन माणसाला उभं करणं बरोबर होतं का? जिंकल्यावर तो प्रश्न विचारणं असभ्य ठरतं. आणि शिलिंगने त्या रात्री मार खाल्ला असता तर? तर तोच घोटा मॅनेजरच्या मूर्खपणाचा पुरावा झाला असता, किंवा शापाचा. वर्षभरापूर्वी, २००३ मध्ये, दमलेल्या पेद्रो मार्तिनेझला आठव्या इनिंगमध्ये मैदानात ठेवलं म्हणून मॅनेजर ग्रेडी लिटल यांची नोकरी गेलीच होती.

बाजाराचा हिशोब याहून सरळ आहे. शिलिंगने त्या वर्ल्ड सिरीजमधल्या दुसऱ्या सामन्यात घातलेला रक्ताळलेला मोजा हॉल ऑफ फेममध्ये ठेवला होता. २०१३ मध्ये लिलावात तो ९२,६१३ डॉलरला गेला. बकनरच्या पायांतून गेलेला चेंडू १९९२ मध्ये अभिनेता चार्ली शीनने ९३,५०० डॉलरला घेतला होता. २०१२ मध्ये तोच चेंडू ४,१८,२५० डॉलरला विकला गेला. साडेचार पट. ८६ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेल्या विजयापेक्षा एका माणसाची नाचक्की महाग.

चेंडूवरून आठवला, अॅलेक्स गिबनीचा २०११ मधला ‘कॅचिंग हेल’ हा माहितीपट. या विषयावरचं मी पाहिलेलं हे सगळ्यात चांगलं काम, म्हणूनच त्याच्याशी भांडायला हवं. गिबनी स्वतः रेड सॉक्सचा चाहता. तो बकनरपासून निघतो आणि शिकागोला पोचतो, जिथे १४ ऑक्टोबर २००३ ला कब्जचा एक चाहता प्रेक्षकांतून बाहेर येणाऱ्या चेंडूला हात लावतो आणि खेळाडू मोइझेस आलूचा झेल हुकतो. कब्ज तेव्हा ३-० असे पुढे होते, आणखी पाच जण बाद केले की १९४५ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज. त्याच इनिंगमध्ये त्यांनी आठ रन दिले. त्या चाहत्याचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. त्याने तेव्हापासून गप्प राहणं निवडलं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. तो चेंडू लोकांनी एक लाख तेरा हजार डॉलरहून जास्त देऊन विकत घेतला आणि २००४ मध्ये समारंभाने स्फोट करून उडवला.

गर्दी कशी फिरते हे गिबनी असं दाखवतो की पोटात गोळा येतो. प्रेक्षकांनी काढलेल्या चित्रणातून तो त्या माणसाभोवतीचं वर्तुळ घट्ट होत जाताना दाखवतो. आधी कुजबुज, मग शिव्या, मग बियरचे ग्लास. आजच्या ट्रोलिंगबद्दल शंभर लेख वाचण्यापेक्षा ही वीस मिनिटं पाहावीत. पण मग चित्रपट वकिली करायला लागतो. चौकटी थांबवून दाखवतो की आजूबाजूचे सगळेच हात चेंडूकडे गेले होते. आरोपी निर्दोष. ठीक आहे, पण तो दोषी असता तर? एकट्यानेच हात पुढे केला असता तर ते बियरचे ग्लास योग्य होते का? बकनरबाबतही तेच. आपण सगळे, मीही वर तेच केलं, स्कोर आधीच बरोबरीत होता हे सांगतो. जणू तो नसता तर मारायला परवानगी होती.

आणि शिकागोच्या त्या रात्री एक शरीर आहे, ज्याच्याकडे चित्रपट फारसा वळत नाही. मार्क प्रायर. पिचर, नुकती तेविशी गाठलेला, त्या मोसमात १८ सामने जिंकलेला. आठव्या इनिंगमध्येही तोच पिचिंग करत होता. नंतरच्या काही वर्षांत दुखापती एकामागून एक आल्या, खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि मेजर लीगमधला त्याचा शेवटचा सामना २००६ मधला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्या रात्रीमुळेच हे झालं, असं मी म्हणत नाही. पण शिकागोकर त्या रात्रीबद्दल बोलतात तेव्हा प्रेक्षकाच्या हाताबद्दल बोलतात, खेळाडूच्या खांद्याबद्दल नाही.

हे असंच लिहावं लागतं का? नाही. रॉजर कान यांचं १९७२ मधलं ‘द बॉइज ऑफ समर’ याच प्रकारच्या संघावर आहे: ब्रुकलिन डॉजर्स, जे १९४१ ते १९५३ मध्ये पाच वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजकडून हरले. कान तरुणपणी वार्ताहर म्हणून त्यांच्यासोबत फिरले होते. पुस्तकाच्या उत्तरार्धात ते त्या खेळाडूंना वीस वर्षांनी शोधत जातात. कार्ल फुरिलो न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये लिफ्ट बसवण्याचं काम करतोय. पाय दुखावलेला असताना संघाने आपल्याला काढलं, हा सल त्याच्या मनात आहे. रॉय कॅम्पनेला मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत. कान यांच्याकडे भूत नाही, शाप नाही. पराभव आहेत, पण ते या माणसांच्या गुडघ्यांतून, पाठीतून, पगारातून आलेले. पुस्तक अधूनमधून हळवं होतं, कान यांना स्वतःची बालपणं फार आवडतात, आणि मधली काही प्रकरणं मी भराभर उलटली. तरी वाचून झाल्यावर मला स्कोर आठवत नव्हते, हात आठवत होते.

बकनरकडे असं कुणी वेळेवर गेलं नाही. तो मॅसॅच्युसेट्स सोडून आयडाहोत राहायला गेला. ८ एप्रिल २००८ ला, रेड सॉक्सनी आणखी एक विजेतेपद मिळवल्यानंतर, त्याला फेनवेवर पहिला चेंडू टाकायला बोलावलं. लोक उभे राहिले, तो रडला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की बॉस्टनने अखेर त्याला माफ केलं. तो स्वतः मात्र म्हणाला की माफ त्याला करावं लागलं, आणि तेही चाहत्यांना नाही, माध्यमांना. या वाक्याचा अर्थ कळायला १९९० मध्ये जावं लागतं. तेव्हाही तो रेड सॉक्सकडे थोडे दिवस परतला होता, आणि तेव्हाही मोसमाच्या पहिल्या दिवशी फेनवे त्याच्यासाठी उभं राहिलं होतं. चौथ्याच वर्षी. म्हणजे मैदानातल्या माणसांचं कधीच झालं होतं. गोष्टीचं झालं नव्हतं. तिला त्याच वर्षी पुस्तक मिळालं.

बकनर २०१९ च्या मे महिन्यात गेला, ६९ वर्षांचा. बावीस मोसम, २,७१५ फटके. मृत्युलेखांचे मथळे तुम्ही ओळखले असतील.

त्या १९९० च्या एप्रिलमध्ये, २५ तारखेला, फेनवेवर त्याने एक फटका मारला. चेंडू अडवायला पळालेला कॅलिफोर्निया एंजल्सचा खेळाडू कठड्यावरून प्रेक्षकांत पडला. चेंडू मैदानातच राहिला, त्यामुळे होम रन हवा तर पळावं लागणार होतं. पहिला बेस, दुसरा, तिसरा, घर. प्रत्येक दोन बेसमध्ये नव्वद फूट. चाळीस वर्षांचा बकनर त्या घोट्यांवर तीनशे साठ फूट पळाला आणि चेंडूच्या आधी पोचला. कारकिर्दीतला त्याचा तो शेवटचा होम रन.